उदयच्या व्हरांड्यातली न बसणारी फरशी

समस्त कोल्हापूरकरांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, प्राध्यापक उदय यांच्या घराच्या व्हरांड्यात, अगदी दारापाशी, तळहाताएवढी जागा रिकामी राहिली असून तिच्यात जगातली कुठलीही फरशी बसत नाही. माझं स्वतःचं फरशीचं दुकान आहे, तेव्हा हे मी अधिकारानं सांगतो आहे. दुसरी बातमी, म्हणजे उदय गेला, ही खरं तर आधी द्यायला हवी होती. पण ती माझ्याच डोक्यात अजून नीट बसलेली नाही...

वहिनींचा फोन आला तेव्हा जयसिंगपूरचं एक गिऱ्हाईक समोर होतं. "भावजी, हे उठंनात," उदयची बायको म्हणाली. मी म्हणालो, "सुट्टी आहे, झोपू द्या की," आणि गिऱ्हाइकाला बाथरूमची खरखरीत फरशी दाखवत राहिलो. निम्मं दुकान दाखवून झाल्यावर त्या वाक्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचला.

गारगोटीच्या शाळेपासूनची आमची दोस्ती. तो पुढे प्रकाशाच्या मागे लागला, मी फरशीच्या. जाळीदार रचनेच्या स्फटिकांमधून प्रकाशलहरी कशा जातात, यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि ते मला कळत नाही हे त्याचं एकमेव दुःख होतं. सवड मिळाली की तो दुकानात यायचा आणि नमुन्यांच्या ढिगावर बसून सुरू व्हायचा. "उसातल्या सऱ्या धर. एका सरीत पाणी सोडलं की शेजारच्या सरीत झिरपतं, तिथनं पुढच्या. जाळीत प्रकाश असाच पसरतो."

"मग पाणी सोडणाऱ्याला हाण की."

"ऐक तर! प्रकाश जोरकस केला, तर तो स्फटिकालाच बदलतो. स्वतःची सरी स्वतःच खोल करून घेतो आणि तिच्यातच राहतो. पसरतच नाही."

"म्हणजे माझा सासरा."

उदय कपाळाला हात लावायचा. मग एकदा तो कागदावर एक चित्र घेऊन आला. चौकटच्या एक्क्यासारख्या दोनच आकारांच्या फरशा, एक जाडी, एक बारीक. याला म्हणे क्वासिक्रिस्टलची नक्षी म्हणतात. शिस्त पूर्ण, पण कितीही लांब गेलं तरी ती स्वतःला तंतोतंत गिरवत नाही. "घरचा व्हरांडा असा करायचा," तो म्हणाला, "तुला डोक्यानं कळत नाही, आता पायांनी कळू दे."

मी फरशा कापून घेतल्या आणि आमचा रंगा मिस्त्री धाडला. रंगानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "सर, ही नक्षी परत कुठनं सुरू हुती?"

"होतच नाही."

"मग थांबायचं कुठं?"

"भिंत आली की."

शेवटी उदय स्वतःच थापी घेऊन बसायला लागला. आमची शेवटची भेट झाली तेव्हा त्याच्या पँटला सिमेंट होतं आणि चेहरा लग्नघरासारखा फुललेला. "अशा नक्षीत प्रकाशाला पसरणं जड जातं," तो सांगत होता. "प्रयोगात तिच्यात मुद्दाम थोडी गडबड केली. वाटलं, आता पुरताच अडकेल. तर गडी उलट लांब गेला! कळलं का?"

"नाही."

"थांब, व्हरांडा होऊ दे."

व्हरांडा झाला नाही. दिवसकार्य उरकल्यावर वहिनींनी मला बोलावलं. "येणारा-जाणारा त्या खड्ड्यात अडखळतोय. मला ते बघवत न्हाय. भरा, न्हाईतर सगळं उखडा आणि साधी चौकोनी घाला." उखडा म्हणजे उदयनं हातानं बसवलेलं सगळं पोत्यात भरा! मी आणि रंगा गुडघ्यांवर बसलो. जाडी घातली, कोपरा वर. बारीक घातली, फट. या नक्षीत फरशी एका जागी चुकते आणि कळतं भलत्याच जागी, एवढं मात्र उदयच्या बोलण्यातलं माझ्या लक्षात होतं. मग आम्ही दोघे चित्र हातात धरून दारापासून मागे रांगत निघालो. कुंड्यांजवळ एक बारीक फरशी उलट्या अंगानं बसलेली सापडली. मी रंगाकडे डोळे वटारले.

"माझ्याकडं काय बघताय मालक? मी तवा राधानगरीला गेलतो. ही सरांनीच लावलीया."

मला इतका आनंद झाला की मी कशासाठी आलोय, कुणाच्या घरी आलोय, सगळं क्षणभर विसरलो. ओरडलो, "वहिनी, सापडली! उदयनंच चुकवलीय. इथपासून दारापर्यंतचा पट्टा काढू, बाकी सगळं वाचलं!" रंगानं छिन्नी टेकवली, हातोडा उचलला. वहिनी चहा तसाच कठड्यावर ठेवून धावत आल्या, त्या उलट्या फरशीवर पाय रोवून उभ्या राहिल्या, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "छिन्नी टाका खाली! चूक त्यांची हाय न्हवं, मग ऱ्हाऊ दे की तिथंच!"