हिलालनं छापलेली श्रद्धांजली

हिलाल मनानं वाईट नाही, असं आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात बठ्ठे, अगदी सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्याच्या दुकानाच्या भिंतीला पाठ लावून चौदा वर्षं चहा-पोहे विकतेय. त्याला माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही, त्याच्या बायकोनंही नाही, कारण तो घरी असतोच कुठं?

दुकान फ्लेक्स छपाईचं. वाढदिवस, लग्न, नेत्याचं स्वागत, गेलेल्या माणसाची श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनमधून निघतं. पण हिलालचा जीव मशीनमध्ये नाही, फुटबॉलमध्ये. सकाळी आठ वाजता माझ्या बाकड्यावर तिघं जमायचे. हिलाल, पतसंस्थेतला कारकून योगराज आणि रिक्षावाला झुलाल. आदल्या रात्री मोबाईलवर पाहिलेल्या परदेशातल्या मॅचेस, आणि त्यावर अशी भांडणं की जणू यांच्या बांधावरून वाद चाललाय.

"क्लबच्या डोक्यावर कर्ज होतं भाऊ," योगराज सांगायचा. त्याला आकड्यांची आवड. "पगार द्यायला पैसा नव्हता. क्लबनंच विकला त्याला. तो बिचारा रडत गेला."

"रडत गेला ना?" हिलाल उसळायचा. "मग गेला कशाला? अर्ध्या पगारावर थांबायचं होतं. लहानाचा मोठा कोणी केला त्याला?"

"अर्ध्या पगारात त्याच्या विमानाचं तेलही आलं नसतं," झुलाल खिदळायचा.

"तुमच्यापैकी कोणी त्याच्या गावचं पाणी तरी प्यायलंय का रे मेल्यांनो? पोहे गार होतात, गिळा आधी," मी म्हणायचे. हसायचे सगळे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

तर तो रडत गेलेला परदेशी खेळाडू. तो दुसऱ्या क्लबात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी हिलालनं त्याचा सहा बाय चारचा फ्लेक्स छापला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये फोटो, फोटोला हार, बाजूला समई, खाली 'शोकाकुल : समस्त चाहते, पिंप्राळा'. चौकात लावला. लोक पोट धरधरून हसले, पेपरात दोन ओळी आल्या, हिलालची छाती फुगली. तेव्हापासून रीतच पडली. कोणी स्टार खेळाडू क्लब सोडून गेला की चौकात त्याची श्रद्धांजली. जिवंत माणसाला हार घालू नये रे, असं मी एकदा म्हटलं. "अक्का, तो गोरा इथं वाचायला येतोय का?" म्हणाला. मी चहा गाळायला वळले.

आमच्या भागाचा स्वतःचा क्लब होता, वाघूर फुटबॉल क्लब. पैसा चुडामणशेठचा, तो रावेरकडचा केळीचा मोठा व्यापारी. शेठला महापालिकेला उभं राहायचं होतं, म्हणून जर्सीवर त्याचा फोटो. आणि त्या क्लबचा जीव म्हणजे विक्रम.

विक्रम पावरा. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला त्याचं गाव. बाप वेस्ता पावसाच्या पाण्यावर ज्वारी पिकवायचा, उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि डिंक. एका स्पर्धेत हिलालनं या पोराला अनवाणी खेळताना पाहिलं आणि जळगावला घेऊन आला. पहिले बूट हिलालनं घेऊन दिले, हे खरं. क्लबच्या खोलीत झोपायची सोय केली, क्लबचं सिमकार्ड दिलं, हेही खरं. पोरगं सोळाचं होतं तेव्हा, आता तेवीसचं झालं. सकाळी दोन प्लेटी पोहे खायचं, जाताना माझं पाण्याचं पिंप भरून द्यायचं. हिलाल त्याच्याकडे पोटच्या पोरासारखा बघायचा. दोन मुली होत्या हिलालला, पण विक्रमनं गोल मारला की "माझा पोरगा" म्हणून नाचायचा.

फक्त त्या पोराला क्लबनं चार महिने मानधन दिलं नव्हतं. शेठ म्हणायचा, निवडणूक होऊ द्या.

मग धुळ्याच्या एका सूतगिरणीनं संघ उभा केला. त्यांचं बोलावणं आलं. खेळायचं, आणि गिरणीत स्टोअरला कायमची नोकरी. कायमची! पोरानं पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. सोमवारी कागद घेऊन हजर व्हायचं, डॉक्टरची तपासणी, की झालं. त्यांच्या गावात आजवर कोणाला कायमची नोकरी लागलेली नव्हती.

शनिवारी तो हिलालच्या पाया पडायला आला. मी समोरच होते. हिलालनं पाय मागे घेतले.

"सिम क्लबचं आहे," एवढंच बोलला.

पोरानं सिम काढून काउंटरवर ठेवलं. "भाऊ, नवीन घेतलं की पहिला फोन तुम्हालाच करीन," म्हणाला आणि गेला. हिलाल बराच वेळ त्या सिमकडे बघत बसला. डोळे भरले होते त्याचे, मी पाहिलं. मला वाटलं, रडून मोकळा होईल. तर हा डोक्यात राख घालून मशीनकडे गेला.

रविवारी सकाळी चौकात विक्रमची श्रद्धांजली. हार, समई, सगळं. तळाला मुंगीएवढ्या अक्षरात 'वाघूर क्लबसाठी मेलेला'. एक फ्लेक्स चौकात, एक मैदानावर. आणि तिसरा? लग्नाच्या फ्लेक्सची ऑर्डर घेऊन टेम्पो शिरपूरला चालला होता, त्यात टाकला. तिथं स्टँडसमोर बांधायला सांगितलं.

"त्याच्या गाववाल्यांनाही कळू दे, कसलं बेणं निपजलं ते," हिलाल म्हणाला.

"अरे, पण तिकडची माणसं..." मी बोलायला लागले.

"अक्का, गंमत आहे. तुम्हाला गंमतच कळत नाही."

आता सांगा, आमच्याकडे माणूस गेला हे कळतं कशानं? फ्लेक्सनंच ना. हार घातलेला फोटो आणि समई दिसली की न वाचता हात जोडतो आपण. हे त्याला कळत नव्हतं होय? हयात गेली त्याची तेच छापण्यात!

सोमवारी सकाळी आठची वेळ. नेहमीचं टोळकं बाकड्यावर. हिलालनं ते सिम एका जुन्या फोनात टाकलं होतं. का, ते त्यालाच ठाऊक. मला वाटतं, पोराला कोणाकोणाचे फोन येतात ते बघायचं होतं. फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला आणि आम्हाला डोळा मारला.

"विकरम शे का?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज. लांबचा, तुटत तुटत येणारा.

"कोण पाहिजे?"

"विकरम. विकरम कोठे शे?"

"विक्रम? तो मेला," हिलाल म्हणाला. "फ्लेक्स नाही पाहिला का?" आणि फोन कापला.

झुलाल हसता हसता बाकड्यावरून घसरला. योगराजला ठसका लागला. आणि मी, कढईत कांदा परतत होते, मीही हसले. माझी जीभ झडो, मी हसले. म्हाताऱ्याच्या आवाजात काय होतं ते मला ऐकू यायला हवं होतं, दोन लेकरं वाढवलीत मी. नाही आलं ऐकू.

दुपारी बाराला एक जीप चौकात थांबली. आत आठ-नऊ माणसं, आणि टपावर दोरीनं बांधलेली खाट. पोराला न्यायला आणलेली खाट. ते आधी सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन आले होते. तिथं असा कोणी नाही म्हटल्यावर विचारत विचारत पिंप्राळ्याला. गावच्या कोणीतरी शिरपूरला फ्लेक्स पाहिला, रातोरात गावात सांगितलं. वेस्तानं सकाळी शेजाऱ्याच्या फोनवरून, घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेला नंबर लावला. पुढचं आम्ही सगळ्यांनी स्पीकरवर ऐकलेलंच होतं.

वेस्ता चौकातल्या फ्लेक्सखाली गेला. फोटोतल्या पोराच्या तोंडावरून हात फिरवला आणि खाली मातीत बसला. रडला नाही. नुसता बसला. त्याच्या हातात कोरं पांढरं कापड होतं, तेही खाली ठेवेना.

योगराजचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं धावत जाऊन सांगितलं, "बाबा, तो जिवंत आहे. धुळ्याला आहे. ही थट्टा होती." वेस्ता त्याच्याकडे बघत राहिला. थट्टा म्हणजे काय ते त्याला समजावणार कोण? पोर दाखवल्याशिवाय तो काही ऐकेना, हलेना. शेवटी योगराजनं गिरणीत फोन लावला. विक्रम तपासणीच्या रांगेत उभा होता. बापाचं काहीतरी झालं एवढंच त्याला कळलं आणि तो रांग सोडून एसटी स्टँडकडे पळाला. गिरणीचा साहेब भला निघाला. त्यानं योगराजला सांगितलं, उद्या दहापर्यंत हजर झाला तर चालेल, नाहीतर दुसऱ्या पोराला घेऊ.

हिलालनं तोवर शटर अर्धं ओढून घेतलं होतं. पाचावर धारण बसलेली. मी आत वाकून म्हटलं, "बाहेर ये भडव्या. त्या म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेव." नाही आला.

चार वाजता विक्रम आला. वेस्तानं त्याचं तोंड चाचपलं, दंड चाचपले, आणि मग जो हंबरडा फोडला, तो मला अजून झोपू देत नाही. तिकडे घरी रुपलीनं, विक्रमच्या आईनं, दारावर कपाळ आपटून फोडून घेतलं होतं.

आता हिलाल बाहेर आला. लोकच इतके जमले होते की यावंच लागलं. मला वाटलं, विक्रम याला धरून हाणणार. हाणायलाच पाहिजे होतं. पण त्याच्या आधी वेस्ता उठला आणि हिलालच्या पायांवर पडला.

"भाऊ, पोऱ्यानं चुकनं. माफ कर," म्हणाला. मग हिलालकडे बोट दाखवत पोराकडे वळला. "यासनं मन दुखाडू नको. यासनी म्हनं तर तू मरी गया व्हता. बठ्ठा गाव रडना. आते नको जाऊ रे पोऱ्या. यासले सोडू नको."

विक्रम म्हणाला, "बा, नोकरी आहे तिकडे. कायमची. उद्या दहाला जायचंय."

"नको जाऊ. तुनी माय मरी जाई."

म्हाताऱ्याला एकच कळलं होतं. या माणसाला सोडलं की पोरगं मरतं, आणि हा म्हणाला की जगतं. मी ओरडले, "विक्रम, तू जा रे! ऐकू नको कोणाचं!" वेस्ता माझ्याकडे असा बघायला लागला की मी जशी त्याचं लेकरू मारायला निघालेय.

मग सगळे हिलालकडे बघायला लागले. त्यानं एक शब्द बोलायचा होता. जा, एवढाच. बापाला सांगायचं होतं की चूक माझी, तुझं पोर जाऊ दे. वेस्तानं त्याचं ऐकलं असतं, फक्त त्याचंच ऐकलं असतं. हिलालनं विक्रमच्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आणलं.

"बाप म्हणतोय तर ऐक बाबा," म्हणाला. "क्लब आपलाच आहे."

विक्रम धुळ्याला परत गेला नाही. जीपवरची खाट सोडायला झुलाल पुढे झाला, तर वेस्तानं त्याला नको म्हटलं. परत गावालाच न्यायची होती ना.

पुढच्या आठवड्यात मॅच झाली. विक्रमनं दोन गोल मारले. हिलालनं फ्लेक्स छापला, 'निष्ठा असावी तर अशी!' लोकांनी हिलालचे हात हातात घेतले. दोन महिन्यांनी निवडणूक झाली, चुडामणशेठ पडला, आणि त्याच आठवड्यात क्लबच्या खोलीला कुलूप लागलं. राहिलेलं मानधन कुठलं आणि काय! गिरणीची जागा तर दुसऱ्याच दिवशी भरली होती, पाचोऱ्याच्या एका पोरानं.

विक्रम आता हिलालकडेच काम करतो. शिडीवर चढून फ्लेक्स बांधायचं. रोजंदारीवर, काम असेल त्या दिवशी. हिलाल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "मी नाही वाऱ्यावर सोडलं पोराला."

परवाची गोष्ट. सकाळी हिलाल बाकड्यावर आला तो धुळ्याच्या गिरणीची निळी जर्सी घालून. गिरणीच्या संघाची जळगावात मॅच होती, फ्लेक्सचं काम यालाच मिळालं होतं. 'खान्देशचा गौरव', आणि मध्ये त्या पाचोऱ्याच्या पोराचा कमरेपर्यंतचा फोटो.

"हिलाल, हे काय रे?" मी विचारलं.

"काय करणार अक्का, आपला क्लब बंद पडला. माणसाला एखादी टीम तर पाहिजेच ना." त्याला काही वाटत नव्हतं. खरंच वाटत नव्हतं, मी त्याच्या तोंडाकडे नीट बघून सांगते.

विक्रम शिडीवर होता. फ्लेक्सचं वरचं टोक खांबाला बांधत होता. "भाऊ, सरळ आहे का?" त्यानं वरून विचारलं.

हिलाल दोन पावलं मागे गेला, डोळे बारीक केले. "डावीकडून जरा वर घे," म्हणाला. "टोक दुमडलंय, त्याचा चेहरा झाकला जातोय."