गाडीला अर्थ नाही

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तीनदा पुढं गेलं होतं. पहिल्यांदा अमावस्या आडवी आली, दुसऱ्यांदा सर्दी, तिसऱ्यांदा शेजाऱ्यांची म्हैस व्यायला झाली होती. म्हैस आमची नाही, हा मुद्दा तिनं मानला नाही. चौथी तारीख अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मला दम देऊनच दिली. एसटीत आईला मळमळतं, जीपमध्ये लोक मांडीवर येऊन बसतात, त्यामुळं केजहून ती जाणार ती आमच्या वीस वर्षं जुन्या गाडीतूनच. आणि नेमका तीन दिवस आधी गाडीतला बॅटरीचा लाल दिवा लागला, तो काही केल्या विझेना.

आईला विलक्षण आनंद झाला. दर तासाला ती विचारायची, "हाय का रे दिवा?"

"आहे."

"बघ! गाडीलाच जायाचं न्हाई, तर आपुन कावून जायाचं?"

चालत्या गाडीत बॅटरी भरायचं काम डायनामो करतो. मिस्त्रीनं पहिल्या दिवशी त्याचा पट्टा बदलला, दुसऱ्या दिवशी कार्बन बदलले. दिवा जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आई स्वतः गॅरेजवर आली आणि मागच्या सीटवर ठाण मांडून बसली. मिस्त्री तारा चाचपत असताना खिडकीतून त्याला धीर देत होती, "न्हाई सापडत तर ऱ्हाऊ द्या दादा. लई जुनी झाली ती."

मिस्त्रीनं टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं, दुसरं डायनामोच्या अंगाला. बल्ब लागला नाही. फडक्याला हात पुसत तो म्हणाला, "सर, तुमच्या गाडीला अर्थच न्हाई."

मी कॉलेजात मराठी शिकवतो. सव्वीस वर्षं मुलांना कवितेचा अर्थ सांगण्यात गेली. आता गॅरेजमध्येही हेच ऐकायचं म्हटल्यावर माझा पारा चढला.

"म्हणजे भंगारात घालू?"

"भंगारात कावून? अर्थ न्हाई म्हणलो फक्त."

"अर्थ नाही म्हणजे दुसरं काय?"

"आवो, अर्थ दिला की चालंल!"

"तुम्ही देणार अर्थ?"

"मग काय तुमी देणार?"

मागून आई म्हणाली, "बराबर बोलतेत ते. काई अर्थ न्हाई. चला घरी."

शेवटी त्यानं माझी मान धरायचीच बाकी ठेवली आणि मला बॉनेटखाली वाकवलं. अर्थ म्हणजे अर्थिंग. डायनामोपासून बॉडीला एक काळी तार जाते. करंट तिच्यातून माघारी फिरला नाही तर बॅटरी भरत नाही. ती तार सुटून लोंबत होती. पाइपाआड असल्यामुळं दोन दिवस कुणाला दिसली नव्हती. सव्वीस वर्षांची विद्वत्ता घेऊन मी ती तार बोटानं हलवून बघितली.

मिस्त्रीनं तारेचं टोक निरखलं. "गंजली न्हाई. तुटलीबी न्हाई. कुणीतरी पान्यानं नट सोडलाय."

"पाना कशाला लागतोय?" आई फणकारली. "हातानंच सुटला. लई ढिला व्हता."

मिस्त्री माझ्याकडं बघायला लागला, मी आईकडं. समोरचं माणूस आवाजावरून ओळखणारी ही बाई!

"तुला काय कळतंय गाडीतलं?"

"तुझे वडील गाडी खोलून बसायचे, तवा टॉर्च कोण धरायचं? ती तार सुटली की गाडी मरती, हे त्येंनीच सांगितलेलं. डोळ्याला दिसत न्हाई, हाताला ठावं हाय."

मी संतापलो. तीन दिवस अख्खं घर त्या दिव्यापायी वेठीला धरलं होतं हिनं. "पण का केलंस असं?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "एक डोळा तर कवाच गेला. ह्यो एकच ऱ्हायलाय. धूसर का हुईना, तू दारातून आलास की आलास म्हणून कळतं. आन् ह्योबी गेला तर?"

मिस्त्री नट आवळायला खाली वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ आवळत राहिला. माझा राग कुठल्या कुठं गेला आणि तिची भीती मला लागली. काही होणार नाही, असं म्हणायला तोंड उघडलं, पण मला तरी कुठं माहीत होतं?

"मी आत येतो तुझ्याबरोबर," मी म्हणालो. "हात धरून उभा राहतो."

ऑपरेशनच्या खोलीत घरच्यांना घेत नाहीत, हे तिला माझ्याहून पक्कं माहीत होतं. प्रत्येक तारखेच्या आधी तिनं गल्लीत चौकशी केलेली होती.

"येऊ देत्याल तुला?"

"देतील."

"मग सकाळी लवकर निघू," ती म्हणाली.