कच्चं लिंबू

खाली अंगणात पोरींची लंगडी चालली आहे. त्यातली एक लहानखुरी मुलगी दुसऱ्याच उडीला तोल जाऊन पडली, तशी बाकीच्या म्हणाल्या, "असू दे, ती कच्चं लिंबू." म्हणजे तिनं खेळायचं, पण तिला कुणी बाद करायचं नाही आणि तिनं कुणाला शिवलं तरी ते धरायचं नाही. मुलगी फ्रॉक झटकून हसली. ते हसू मला चांगलंच ठाऊक आहे.

नलूनं मला चौथीपर्यंत कच्चं लिंबू ठेवलं होतं. माझा पाय अडखळायचा, एवढंच. पण पुढे वर्गात उत्तर येत असूनही माझा हात कधी वर गेला नाही. जिचं शिवणंसुद्धा धरत नाहीत, तिचं उत्तर कोण धरणार?

नलू आता आमच्याच इमारतीत राहते. गुडघे गेलेत तिचे. काल जिन्यात कठडा धरून उभी होती. म्हणाली, "तू हो पुढं, मला वेळ लागेल."

हात द्यायला हवा होता. मी म्हटलं, "ये सावकाश. तुला कुणी बाद करत नाही."

आणि तिच्यादेखत दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. माझा गुडघा मी घराचं दार लावून घेतल्यावरच चोळला.