चारशे तासांचा पायलट

चहा आधी संपवून घ्या, नाहीतर नाकातून येईल! कारण आज माझ्याच मूर्खपणाची गोष्ट सांगतोय, आणि त्या विषयात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय.

राजाजीनगरात माझं भांड्यांचं दुकान. पण दुपारी शटर ओढलं की मी पायलट! घरी कॉम्प्युटरवर हेलिकॉप्टर उडवतो. हिमालयात उतरलोय, भर समुद्रात बोटीवर उतरलोय. बायकोच्या मनातून तर केव्हाच उतरलोय.

तर एका लग्नाच्या पंगतीत मी बोलून गेलो, "चारशे तास हेलिकॉप्टर उडवलंय म्हटलं!" कुठे, ते कोणी विचारलं नाही. मी कशाला सांगू?

शेजारी होते मुकुंदण्णा, रिटायर झालेले फिटर. पानातली होळगी, म्हणजे इकडची पुरणपोळी, तशीच सोडून त्यांनी माझा खरकटा हात धरला.

"अहो, सात वर्षं खपून मी एकच माणूस बसेल असं हेलिकॉप्टर बनवलंय. पायलटच मिळत नव्हता! रविवारी या. के. आर. पुरमच्या पुढे माझी शेड आहे."

मी बायकोकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक. म्हणाली, "येतील की अण्णा! घरी नुसते बसूनच असतात."

आता काय करणार? खरं सांगावं, तर अख्ख्या पंगतीत नाक कापलं जाणार!

रविवारी बायकोसकट गेलो, बघतो तर काय! चार पाइप, वर पंखा, मध्ये स्कूटरची सीट. दार नाही, काच नाही. हार घातलेला, नारळ फुटलेला. चाकं नव्हती, म्हणून अण्णांच्या बायकोनं, अक्कांनी, लिंबं हेलिकॉप्टरच्या पायांखाली ठेवलेली. खरं तर माझ्या ठेवायला हवी होती.

"घाबरू नका," अण्णा म्हणाले, "चारी बाजूंनी दोर बांधलेत. फूटभर उठवा, खाली ठेवा. पण स्वल्प हळू, हं! सात वर्षं आहेत त्यात माझी."

पंखा फिरू लागला, आणि मला घाम फुटला. घरी मी हेलिकॉप्टर नेहमी मागून बघत उडवतो! पडद्यावर अख्खं दिसतं, शेपटीसकट. इथे मी आत बसलेला. समोर दिसतात काय, तर माझेच दोन गुडघे!

शेपटी बघायला मान वळवली. मानेबरोबर हातही वळला, हातातल्या दांड्यासकट.

लिंबं चिरडली, हेलिकॉप्टर उठलं आणि दाव्याला बांधलेल्या रेड्यासारखं हिसके मारत सुटलं. अक्का दिसल्या, शेड दिसली, बायको दिसली, पुन्हा अक्का!

"खाली घ्या! खाली घ्या!" अण्णा लांबून ओरडत होते.

"अण्णा, पॉजचं बटण कुठंय?"

"कसलं बटण?"

"पॉजचं हो! थांबवायचं आणि चहा पिऊन यायचं!"

हाताला लागलं ते दाबलं. इंजिन बंद. धप्प!

बायको शांतपणे म्हणाली, "घरी पण रोज असेच पडतात."

अण्णांना काय ते कळलं. माझ्याकडे न बघता त्यांनी एकेक पाइप चाचपला. नशीब, एकच वाकला होता.

मी चाचरत विचारलं, "अण्णा, पुढच्या रविवारी येऊ का परत?"

"नको. पुढच्या रविवारी सीटवर तांदळाची पोती बांधतोय. वजन तुमच्याइतकंच भरतं. शिवाय ती कशाला हात लावत नाहीत."