मुक्ताबाईंचे सात खून

पाथर्डीहून शेवगावकडे जाताना रस्त्याच्या आत एक कॉलेज लागतं. त्याचं नाव कशाला हवं? संस्थेची मंडळी अजून धडधाकट आहेत आणि त्यांना वाईट फार लवकर वाटतं. त्या कॉलेजात मुक्ताबाईंनी एकवीस वर्षं झाडू मारला, घंटा दिली, परीक्षेच्या हॉलमधून पाणी फिरवलं आणि एका हिवाळ्यात सात खून केले. पहिल्या तीन गोष्टी अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहेत. चौथी त्यांच्याखेरीज फक्त चौघांना ठाऊक होती, आणि त्यातला एक त्यांचा नवराच, म्हणजे तो धरायचाच नाही.

गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. तेव्हा कॉलेजला कंपाऊंड नव्हतं. शेजारच्या शेळ्या थेट मराठीच्या वर्गात येत आणि काही मुलांपेक्षा शांत बसत. एस. वाय.ला मोनिका नावाची पोस्टमास्तरांची मुलगी होती. गॅदरिंगला दरवर्षी तेच नाटक, तेच पडणारे पडदे, म्हणून या पोरीनं सिनेमा काढायचं घेतलं. त्याचं नाव 'सातवी तासिका'. डोक्यावर युरियाची गोणी, डोळ्यांच्या जागी दोन भोकं आणि हातात कोयता, असा एक गोणीवाला कॉलेजात येतो आणि सातवी तासिका बुडवून हिंडणाऱ्यांना एकेक करून संपवतो. तसा पाहिला तर सिनेमा शिस्तीच्याच बाजूचा होता, पण प्राचार्यांना ते कधी पटलं नाही.

कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या भिमाजीचा. लग्नसराई सरली की तो रिकामाच असायचा. दिवे भाड्यानं आणायची ऐपत नव्हती, त्यात लोडशेडिंग, त्यामुळे सगळे खून रविवारी भरदुपारी झाले. रक्त म्हणून काकवीत कुंकू कालवलं होतं. रंग असा बेमालूम की पाहणाऱ्याला भोवळ यावी. पण गोड ते गोडच. मेलेल्या माणसाला पाच मिनिटांत मुंगळे लागत आणि प्रेत "अगं आई गं" करत उठून पळे. दुसऱ्या खुनातलं प्रेत तर पळता पळता हँडपंपाखालीच जाऊन बसलं होतं.

गोणीवाला व्हायचा होता आदिनाथ. नेवाशाकडच्या पाटपाण्याच्या घरातला, मामाकडे शिकायला राहिलेला, उंचापुरा, मिशी नुकती फुटलेली. घरी वीस एकर ऊस, पण तो तोडणारे दुसरेच, त्यामुळे कोयता त्यानं लांबूनच पाहिलेला. पहिल्याच दिवशी त्यानं तो क्रिकेटच्या बॅटसारखा धरला. त्या दिवशी मोनिका आणि भिमाजीखेरीज तिथं कोणी नव्हतं. फक्त मुक्ताबाई व्हरांडा झाडत होत्या. त्यांना हसू आवरेना.

"काय झालं मावशी?" मोनिका वैतागून म्हणाली.

"काय न्हाई बाई. असा धरला तर ऊस उभाच ऱ्हाईल आन् पोरगंच आडवं हुईल."

"मग तुम्ही दाखवा ना!"

मुक्ताबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. पदर खोचला. लग्नानंतरचे बारा हंगाम त्यांनी नवऱ्याच्या, सहादेवच्या जोडीनं उसाच्या फडात काढले होते. कोयता हातात आल्यावर हातानं डोक्याला विचारलं नाही. आधी त्यांनी कोयता कपाळाला लावला, कारण तोड सुरू करताना लावायचाच असतो. मग कमरेत वाकून, खाली, अगदी मातीलगत, सपकन एक वार. समोर गोणी घालून उभा राहिलेला आदिनाथ भीतीनं खरंच पडला. मुक्ताबाईंनी त्याला पायाला धरून बाजूला ओढलं, सरळ निजवला आणि भिमाजीकडे वळल्या.

"मावशी, गळा! खून गळ्यावर करतात!" मोनिका ओरडली.

"गळ्याला कोन तोडतं? बुडखा ठिवला तर मुकादम शिव्या घालतो."

मोनिका हसायला तोंड उघडून तशीच थांबली. तिच्या अंगावर काटा आला होता. घाई नाही, राग नाही, आरडाओरडा नाही, नुसतं काम. कापायचं, ओढायचं, ओळीत लावायचं. असला खुनी तिनं कुठल्या सिनेमात पाहिला नव्हता. तिनं तिथल्या तिथं गोणी आदिनाथच्या डोक्यावरून काढली आणि मुक्ताबाईंच्या डोक्यावर घातली. मुक्ताबाई आधी लाजल्या, मग "कुनाला सांगशील तर बघ" म्हणाल्या, मग लुगड्याचा काष्टा धोतरासारखा घट्ट खोचून, वर जुना शर्ट चढवून उभ्या राहिल्या. आदिनाथच्या हातात आला उन्हाचा उजेड फेकायचा पत्रा. बिचाऱ्यानं तोही मनापासून धरला, कुणाला दिसू नये म्हणून भिंतीआडून.

मारल्या जाणाऱ्या पोरांना मात्र गोणीत आदिनाथच आहे असं सांगितलं होतं. मावशींच्या हातून मरायचं म्हटलं तर त्यांना हसू आलं असतं. गोणीतून आवाज यायचा नव्हताच, त्यामुळे खपून गेलं.

सहा रविवार, सहा खून. त्या सहा रविवारांसारखं काही मुक्ताबाईंना पुन्हा लाभलं नाही. फडातला कोयता पोटासाठी होता, पहाटेच्या थंडीत बोटं फुटेपर्यंतचा. हा कोयता उगाचचा होता. दुपारी वडाखाली सगळ्यांनी भेळ खायची, मेलेल्यांनीही, आणि मोनिकानं हळूच कानात म्हणायचं, "मावशी, आज तुम्ही काय भारी मारलंत!" आयुष्यात त्यांना कामाबद्दल शाबासकी मिळाली ती अशी, माणसं मारल्याची.

सातव्या रविवारी घोटाळा झाला. सातवा खून खुद्द मोनिकाचा. वार आधीच टिपून झाला होता, राहिला होता तो पाठलाग. गोणीवाला तिच्यामागं मैदानभर पळतो, असा प्रसंग. मोनिका पळता पळता किंचाळली, आणि किंचाळली ती फारच मनापासून. नेमका रस्त्यावरून दुधाचा टँकर चालला होता. ड्रायव्हरनं पाहिलं, की पोरगी पळतेय आणि मागं कोयतेवाला. त्यानं टँकर स्टँडवर नेऊन आरोळी ठोकली. पाच मिनिटांत वीस-पंचवीस जण काठ्या घेऊन कॉलेजात घुसले. भिमाजी आधी पळाला, कॅमेरा पोटाशी धरून. लग्नातली हाणामारी त्याला नवी नव्हती.

मुक्ताबाई मुतारीच्या भिंतीआड शिरल्या. पत्रा घेऊन आदिनाथ तिथंच होता. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरची नोकरी ती. गेली तर दसऱ्यानंतर पुन्हा ऊसतोडीच्या ट्रकवर बसायचं, पोरांची शाळा सोडवायची, पाचटाच्या कोपीत संसार मांडायचा. आदिनाथनं त्यांच्या डोक्यावरची गोणी काढली, शर्ट काढून घेतला, कोयता घेतला.

"मावशी, झाडू घ्या," एवढंच तो म्हणाला. आणि गोणी घालून बाहेर गेला.

लोकांनी आधी मारलं आणि मग विचारलं. आपल्याकडची रीतच ती. प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला केबिनमध्ये उभा केला. मुक्ताबाई चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर. "नाव सांग अजून कोण होतं!" "कोणी नाही सर, मीच." वर्षभर कॉलेजात पाय ठेवायचा नाही, असा हुकूम झाला. मोनिका पळणारी म्हणून नुसत्या समजेवर सुटली. आदिनाथची परीक्षा हुकली. त्या दिवशी मुक्ताबाईंनी चहा आत नेला, कप मांडले आणि रिकामा ट्रे घेऊन बाहेर आल्या.

पुढं नवल झालं. भिमाजीनं सिनेमा जोडून सीडी काढली आणि ती गावोगाव फिरली. मार खाल्लेला आदिनाथ हिरो झाला. दोन वर्षांनी मुक्ताबाई कायम झाल्या, आदिनाथनं त्याच गावात खताबियाण्यांचं दुकान टाकलं, आणि लोक लांबून हाक मारू लागले, "काय गोणीवाले!" आधी तो संकोचायचा. मग हसायचा. मग, खरं सांगायचं तर, त्याला ते आवडायला लागलं. पाचव्या वर्षी तो चहाच्या टपरीवर कसा वाकलो, कसा वार केला हे हातवारे करून सांगत होता. मुक्ताबाई शेजारून भाजी घेऊन चालल्या होत्या. हातवारे सगळे चुकीचे होते. त्यांना तेच जास्त लागलं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि यंदा पुण्याहून मोनिकाचा फोन आला. तिनं माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरवला होता. सिनेमा मोठ्या पडद्यावर दाखवायचा, प्राचार्यांना बोलवायचं, आणि मावशींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. "मावशी, तुम्ही म्हणाल तर खरं सांगते. तुम्ही म्हणाल तर नाही."

मुक्ताबाईंनी तो सिनेमा पाहिलेलाच नव्हता. गावात दाखवला तेव्हा ओळखू येऊ या भीतीनं त्या गेल्या नव्हत्या, नंतर राहूनच गेलं. आता म्हातारपणी एकच वाटत होतं, की एकदा चारचौघांत कोणीतरी म्हणावं, ते हात मुक्ताबाईंचे होते.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी आदिनाथ घरी आला, हातात पेढ्यांचा पुडा.

"मावशी, दिशा माझी यंदा नववीला हाय. साऱ्या मैत्रिणींना घेऊन येनार हाय, पप्पांचा पिच्चर बघायला." तो फरशीकडे बघत होता. "तुमचा हक्क हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पन पोरीसमोर..."

मुक्ताबाईंनी त्याला चहा दिला.

तो गेल्यावर सहादेव पेढा तोंडात टाकत म्हणाला, "सात मुडदे पाडले आन् एक कबुली देता येईना व्हय तुला?"

"त्यानं माज्यासाठी वर्स घालवलं."

"मग गप ऱ्हा."

"गप ऱ्हाऊन एकुनीस वर्सं झाली की!"

"मग बोल."

"तुमी पेढे खा."

मेळाव्याला हॉल भरला. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. पुढच्या रांगेत तेव्हाचे प्राचार्य, आता ऐंशीचे, कानात यंत्र. मधल्या रांगेत दिशा आणि तिच्या मैत्रिणी, आदिनाथ तिच्या शेजारी. मुक्ताबाई मागं, दाराजवळ, सवयीनं.

सिनेमा सुरू झाला आणि हॉल हसून लोळला. भिमाजीनं सगळं लग्नाच्याच पद्धतीनं जोडलं होतं. मुडदा पडला की त्याच्याभोवती बदामाची चौकट यायची आणि गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. शिवाय कोणी आलेलं सुटू नये म्हणून खुनाच्या ऐन मध्ये कॅमेरा वळून बघ्यांच्या तोंडांवरून हळूहळू फिरायचा. एकेक तोंड दिसलं की हॉलमधून हाक उठायची. तो बघा भेळवाला! त्या बघा लायब्ररीच्या मॅडम, केस किती लांब! बनुबाई दिसली, मुक्ताबाईंची झाडायची जोडीदारीण, बादली घेऊन तोंड उघडं टाकून बघणारी. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुक्ताबाई हसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. त्या गोणीतल्या बाईकडं मात्र त्यांना बघवेना. कंबर किती लवत होती तिची.

सिनेमा संपला. दिवे लागले. दिशाच्या मैत्रिणींनी आरोळी ठोकली, "गोणीवाले! एकदा करून दाखवा!" आदिनाथला ढकलत स्टेजवर नेला. कोणीतरी हातात लाकडी पट्टी दिली. त्यानं ती धरली, बॅटसारखीच. वाकायचं नाटक केलं, अर्ध्यात थांबला. कपाळावर घाम. तेवढ्यात मोनिकानं, त्याला सोडवायलाच बहुधा, सत्कारासाठी मुक्ताबाईंचं नाव पुकारलं.

मुक्ताबाई चढल्या. प्राचार्यांनी शाल घातली. माईक पुढं आला. आदिनाथ बाजूला पट्टी घेऊन उभा, तोंड उतरलेलं. त्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. अडवलं नाही.

"मला भाषन येत न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "एकच सांगते. खून मी केले. मार ह्या पोरानं खाल्ला."

त्यांनी माईक जवळ ओढला.

"लोकं आली तवा गोनी माज्या डोक्यावर हुती. ह्यानं ती काढून सोताच्या डोक्यावर घातली. माजी नोकरी ऱ्हावी म्हनून. ह्याचं वर्स गेलं आन् मी गप ऱ्हायले. गोनीवाला कोन त्ये तुमी ठरवा. पन वार माजे हायेत."

प्राचार्यांनी कानातलं यंत्र सारखं केलं. "मुक्ताबाई! मग तेव्हा का नाही बोललात?"

"तवा तुमी काढलं असतं सर."

"आणि आता?"

"आता मला कोन काढतंय?"

मग जी शिट्टी वाजली ती म्हणे पहिली सहादेवची होती. दिशा धावत स्टेजवर आली. ती काय म्हणेल म्हणून आदिनाथचे कान लाल. "पप्पा," ती म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलं? हे जास्त भारी आहे!"

आदिनाथनं पट्टी खाली ठेवली. हसू येतंय की रडू, हे त्याचं त्यालाच कळेना. "काय मावशी," तो हळूच म्हणाला, "गावात एवढी दहशत हुती माझी. एका मिनिटात भला मानूस करून टाकलंत."

"हो की. आता उधारीवर खत मागतील बघ."

लोकांनी भिमाजीला सिनेमा पुन्हा लावायला लावला. या खेपेला मुक्ताबाईंना पुढच्या रांगेत, प्राचार्यांच्या शेजारी बसवलं. एका बाजूला शाल, दुसऱ्या बाजूला दिशा. पहिला वार झाला आणि अख्खा हॉल ओरडला, "मावशीऽऽ!" मुक्ताबाई आता थेट पडद्याकडं बघत होत्या, डोळे बारीक करून, मुकादम फड बघतो तसं.

"थांबीव रे भिमाजी," त्या मध्येच म्हणाल्या. "जरा मागं घे. तिसऱ्या खुनाला हात आखडलाय माजा."

"कुठं मावशी? चांगला तर आहे," मोनिका म्हणाली.

"चांगला कसला? लाजले हुते मी तवा. मागं घे."

भिमाजीनं मागं घेतलं.