उत्तरासाठी ठेवलेली जागा

वानखडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अनसिंगच्या रस्त्याला होतो. मोटारसायकल बाजूला घेतली. सरांचा मुलगा सांगत होता, चहा पिता पिता छातीत कळ आली आणि... मनात पहिलं काय यावं? सुनीताचा निकाल अजून लागला नाही! पण आलं खरं तेच. त्या निकालापायी सरांचा जीव कितीतरी दिवस टांगणीला लागला होता.

आमच्या कॉलेजात सर इतिहास शिकवायचे, मी भूगोल. सुनीता मानोऱ्याकडच्या तांड्यावरची, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. दिवाळी झाली की घरच्यांसोबत ऊसतोडीला जायची आणि वर्ग बुडायचा. तिच्यासारख्यांसाठी सरांनी ऑनलाइन कोर्स काढला. मोबाइल धरायला मी. सारा जन्म फळ्यापुढे गेलेला माणूस, मधेच "समजलं काय?" असं विचारून सर कॅमेऱ्यापुढे चक्क गप्प उभे राहायचे.

"सर, समोर कोणी नाही. एवढा भाग कापून टाकतो."

"कायले कापतं? पोरगी तिकडं विचार करून राह्यली असन. तिले वेळ दे ना बा."

तो भाग तसाच राहायचा. मला हसू यायचं, त्यांना नाही. उसाच्या फडावर रेंज असेल का, पोरगी चार्जिंग कुठं करत असेल, एक ना दोन काळज्या. शेवटच्या भेटीत स्टाफरूममध्ये चहा गार करत म्हणाले, "वर्गात पोरायचं तोंड पाह्यलं की समजते. इथं काईच दिसत नाही. माह्या भरवशावर राहून पोरगी नापास झाली तं?" "होईल पास," मी म्हणालो खरा, पण भरवसा मलाही नव्हता.

पदवी मिळालेल्यांचा सत्कार करण्याची सरांची एक तऱ्हा होती. शाल नाही, नारळ नाही. विभागातल्या आपल्या खुर्चीत त्या पोराला बसवायचे, स्वतः समोरच्या बाकावर बसायचे आणि म्हणायचे, "आता तू शिकव." मग पेढे. निकाल लागेपर्यंत मात्र पेढ्यांचं नावही काढू देत नसत.

निकाल लागला तो सर गेल्यावर. मी सुनीताचा नंबर टाकला. पास! आणि ज्यांना आधी सांगायचं तेच नाहीत, म्हणून भडभडून आलं.

ती वडिलांना घेऊन विभागात आली आणि खुर्ची पाहून दारातच थबकली. "सर नाहीत तं मी कशी बसू त्याईच्या खुर्चीत?"

"बस," म्हणालो आणि मी बाकावर जाऊन बसलो. वडील शेजारी टेकले. तीही बसली, अगदी काठावर. बैलांवर मीठ लादून मुलूख तुडवणाऱ्या लमाणांचा इतिहास तिनं सांगायला घेतला. आवाज आधी कापरा होता, हळूहळू मोकळा झाला. वडील पापणी न हलवता ऐकत होते. मधेच ती थांबली.

"समजलं काय?"

वडिलांनी मान डोलावली. ती काही पुढे गेली नाही. हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे बघत, थांबून राहिली...