खोऱ्याशिवाय पाऊल न उचलणारा नवरा

दौंडहून लग्न होऊन मी वडगाव रासाईला आले, तेव्हा मला जगातलं सगळं कळत होतं. आता त्यातलं बरंचसं विसरले, म्हणून जरा बरं चाललंय. तेव्हाचं माझं एक पक्कं मत होतं: काम नसताना रस्त्यानं चालते ती बाई नवऱ्यानं हाकललेली. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समधली एक साहेबीण रोज पांढरे बूट घालून फिरायची. मी आईला विचारलंसुद्धा, "तिला भाकरी देऊ का?"

दुसरं मत नवऱ्याबद्दलचं. शेतातल्या पंपाला लाईट रात्रीचीच यायची, म्हणून हे रात्रभर उसाला पाणी धरायचे आणि दिवसा घोरायचे. बापानं मला घुबडाला दिली, म्हणून मी रडून घर डोक्यावर घेतलं. मग कळलं, अख्खं गावच घुबडांचं हाय.

त्या घुबडाला आता आठवत नाही. जेवण विसरतात, नातवंडं विसरतात, मला "तुम्ही कुणाच्या?" विचारतात. रात्रीची लाईट तेवढी विसरत नाहीत. घर झोपलं की उठायचं, "लाईट आली" म्हणायचं आणि थेट उसात. उसात बिबट्या!

मुलगा रांजणगावला कंपनीत. घरी असला की दारात आडवा झोपायचा. एक दिवस त्यानं खोलीला बाहेरून लावायला कडी आणली.

"आई, आबांना बिबट्याच्या तोंडी देऊ का?"

त्याचंही खरं होतं. पण माणसाला बाहेरून कडी? म्हटलं, "तुझी नाईट शिफ्ट लागेपर्यंत थांब."

शिरूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुण येईलच असं नाही, पण दिवसा झोपू देऊ नका. उन्हात चालवा, दमू द्या."

झालं, नातीचे गुलाबी बूट माझ्या लुगड्याखाली आले.

"कुठं निघालीस?" हे म्हणाले.

"फिरायला. चला."

"काम काय?"

"काम न्हाई."

"मग येडी हायस का?"

माझंच मत माझ्या तोंडावर! ती साहेबीण जिथं असेल तिथं पोट धरून हसली असेल.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खांद्यावर खोरं दिलं. गडी निघाला की! पुढं ते, मागं मी. पण मुलानं शेताला ठिबक केलंय. त्या काळ्या नळ्या बघून म्हणाले, "पाणी कुठंय?" आणि बांध ओलांडून सरळ चुलतदिराच्या गव्हात शिरले. तिथं सोलरचा पंप, भर दिवसा पाटानं पाणी चाललेलं. यांनी खोऱ्याच्या दोन घावांत वाफ्याचं दार बुजवलं आणि पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं.

बांधावरून त्या घराशी आमचं बोलणं बंद होतं. चुलतदीर धावत आला.

"ओ वैनी, ह्यांना आवरा! आता पाण्यावर पण हक्क का?"

मी तोंड उघडायच्या आत हे त्याच्यावरच ओरडले, "वाफा फुटायला आलाय, दिसत न्हाई का? कुणी शिकवलं रं तुला पाणी धरायला?"

त्यानं वाफा बघितला. हळूच म्हणाला, "व्हय आबा, बघतो." मग मला, "वैनी, वळखलं का ह्यांनी मला?"

"न्हाई. म्हणून तर बोलले."

तो असा हसला की मलाही हसू आवरेना. जाताना म्हणाला, "उद्या कांद्याला पाणी हाय. आणा त्यांना."

मग ते रोजचंच झालं. तो सोबत असायचा, हे दारं फोडायचे, बुजवायचे. दुपारी बांधावर लवंडायला लागले की तो हाक मारायचा, "आबा, लाईट हाय!" की हे उठलेच. रात्री जेवता जेवता मान खाली. एखाद्या रात्री अजून उठतात, "लाईट आली?" विचारतात. मी म्हणते, "आता दिवसाची केलीय." मग पुन्हा आडवे.

मुलाला नाईट लागली. कामावर निघताना कडी नि ड्रिल घेऊन खोलीपाशी उभा राहिला. आत घोरणं चाललेलं. ते ऐकलं आणि ती कडी त्यानं कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकली.

बांधाचं तेवढं राहिलंय. यंदा नांगरताना चुलतदीर वीतभर आमच्याकडं सरकलाय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मुलाला अजून बोलले नाही. विचारलंच त्यानं, तर म्हणेन, मलाही हल्ली आठवत नाही.